'ध' चा 'घ'

'ध चा मा' आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि 'धरावे'चे 'मारावे' केल्याची आख्यायिका मागे उरली. मी सांगणार आहे ती गोष्ट तितकी भीषण नाही. ती 'ध'चा 'घ' होण्याची आहे, आणि तो करणारे यंत्र आहे.

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात धनज बुद्रुक नावाचे गाव आहे. मुलांची चौकटींची वही घ्या आणि 'धनज' हा शब्द चौकटी रंगवून लिहा. चौकट एकतर पूर्ण काळी, नाहीतर पूर्ण कोरी. उंची सात चौकटी. काना नाही, वेलांटी नाही, उकार नाही, सोपे वाटेल. 'न' आणि 'ज' निघतातही. अडतो तो 'ध'. त्याची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते आणि त्या तुटीत एक लहानशी गाठ असते. एक चौकट जास्त रंगली की रेघ जुळते आणि धनजचे घनज होते. मग 'बुद्रुक' लिहा. 'द'ला जोडलेला 'र', त्याच्याखाली पुन्हा उकार! सात चौकटी कधीच संपलेल्या असतात.

संगणकाच्या पडद्यावरची अक्षरे सुरुवातीला अशीच चौकटीत बसवली गेली. इंग्रजीची कॅपिटल अक्षरे पाच बाय सात ठिपक्यांत सुखाने बसतात, म्हणून यंत्रेही त्याच मापाची झाली. १९८४ साली ॲपलचा मॅकिंटॉश आला, तेव्हा सुझन केअर या चित्रकर्तीने त्याची अक्षरे एकेक ठिपका मांडून काढली. पुढे यंत्रे सुधारली, ठिपके डोळ्यांना दिसेनासे झाले आणि मग त्यांची हौस सुरू झाली. 'प्रेस स्टार्ट टू पी' नावाचा एक फॉण्ट ऐंशीच्या दशकातल्या नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या अक्षरांवरून केलेला आहे. प्रत्येक अक्षर आठ बाय आठ चौकटींत. खेळांची शीर्षके, पोस्टर, टी-शर्ट, गाण्यांच्या मुखपृष्ठांवर अशी अक्षरे झोकात मिरवतात. पथ्य एवढेच, की ती दुप्पट, तिप्पट अशा पूर्ण पटीत मोठी करावीत, नाहीतर कडा फिसकटतात. आणि सलग मजकुराला वापरू नयेत.

इंग्रजीला हा बालपणाचा जुना फोटो वाटतो. मराठीचे त्या काळातले फोटो मात्र फारसे गोंडस नाहीत. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचा एक छोटा पडदा असतो, हिताचीच्या एका चिपवर चालणारा. त्यात आपली स्वतःची म्हणून फक्त ८ चिन्हे भरता येतात. आठांत बाराखडी कशी बसवायची? शिवाय दोन घरांमध्ये कोरी फट असते, म्हणजे शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटणारच. नऊ पिनच्या प्रिंटरचीही तीच रड. नऊ पिनांच्या उंचीत वेलांटी, अक्षर आणि उकार नीट मावेनात, म्हणून एकाच ओळीसाठी डोके पुन्हा फिरवावे लागे आणि कागद किंचित सरकला की मात्रा भलत्याच जागी.

यावर एक सल्ला नेहमी मिळत आला: लिपीच कापा. टाइपरायटरच्या काळात तसे प्रयत्न झाले होते. १९५३ च्या लखनौ परिषदेत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे आणायचे ठरले. ते काही टिकले नाही. संगणकाच्या वेळी उलटा मार्ग निघाला आणि तो मला जास्त शहाणपणाचा वाटतो. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले 'जिस्ट'चे काम पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये आले. संगणकात एक कार्ड बसवायचे. साठवायचा तो वर्णांचा क्रम, आणि जोडाक्षराचा आकार कार्डाने घडवायचा. लिहिणाऱ्याने 'द, हलन्त, र, उ' एवढेच सांगायचे. या संकेतांचे भारतीय मानक १९९१ चे. युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही त्याच घराण्यातली. पुढे विंडोज २००० बरोबर 'मंगल' आला. तो सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा. बोरू धरणाऱ्या माणसाने पडद्यासाठी अक्षर काढले, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

तरी ठिपके गेले नाहीत, ते दिव्यांच्या पाट्यांवर आले. दुकानांवर दिसणाऱ्या पाटीचा एक तुकडा सहसा ३२ बाय १६ दिव्यांचा असतो. सोळा ओळींत वर तीन वेलांटीला, एक शिरोरेषेला, आठ अक्षराला आणि चार खाली उकाराला, असा हिशेब करता येतो. 'बुद्रुक' त्यात बसते, पण कुणीतरी बसून तो हिशेब करावा लागतो. इंग्रजीचे सात ओळींचे माप उचलून मराठी कोंबली, की गावाचे नाव वाचता येत नाही. मराठीत हौसेचा जुन्या वळणाचा पिक्सेल फॉण्ट करणाऱ्यानेही आधी 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' शेजारी शेजारी काढून पाहावेत. ठिपक्यांच्या रांगोळीत एक ठिपका चुकला तर कमळ बिघडते. इथे नाव बिघडते.

आमच्या एका नातेवाइकांच्या कागदावर तसे झाले होते. मूळ छपाईत 'ध' बरोबर होता, पण फिकट रिबिनीच्या ठिपक्यांत ती तूट भरून आलेली. नक्कल करणाऱ्याने 'घ' वाचला आणि तोच टंकला. दुरुस्तीसाठी तीन हेलपाटे झाले. शेवटी टेबलामागच्या गृहस्थांनी चुकलेल्या अक्षरावर आडवी रेघ मारली, वर निळ्या शाईने डौलदार 'ध' काढला आणि बाजूला सही केली.