जुना संगणक (हस्तांतरपूर्व तयारी)

वापरलेला संगणक विकण्याआधी किंवा कुणाला देण्याआधी त्यातील माहिती परत मिळणार नाही अशी पुसणे व त्यावरील आपली खाती मोकळी करणे. डिलीट केलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही. तिची जागा रिकामी असल्याची नोंद होते आणि तिथे दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर राहतो. क्विक फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडण्यासारखे. गारफिंकल व शेलत या संशोधकांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क घेऊन केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १२९ चालू होत्या आणि जेमतेम १२ नीट पुसलेल्या होत्या. एक डिस्क तर इलिनॉयमधील एटीएम यंत्रातली असावी, असे तिच्यातील नोंदींवरून दिसले.

पुसण्याची पद्धत : पीटर गुटमन यांनी १९९६ मध्ये ३५ वेळा पुनर्लेखन सुचवले. ते त्या काळच्या निरनिराळ्या डिस्कना धरून होते; आजच्या चुंबकीय डिस्कला एकदा केलेले पूर्ण पुनर्लेखन साधारणपणे पुरते, असे आता मानले जाते. एसएसडीचे (चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हचे) गणित वेगळे आहे. तिचा नियंत्रक झीज वाटून घेण्यासाठी लेखनाच्या जागा बदलत राहतो, त्यामुळे वरून केलेले पुनर्लेखन प्रत्येक कप्प्यापर्यंत पोहोचत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील संशोधकांनी २०११ मध्ये हे दाखवले. काही ड्राइव्हमधील अंगभूत पुसणी-आज्ञाही सदोष निघाल्या. म्हणून सुरुवातीपासून सगळी डिस्क एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी) ठेवणे आणि शेवटी तिची किल्ली नष्ट करणे हा मार्ग अधिक पक्का ठरतो. यावर आक्षेप असा, की ड्राइव्हमधील हार्डवेअर एन्क्रिप्शनमध्येच दोष सापडले आहेत (२०१८). आक्षेप खरा आहे. पण त्यावर उपाय सॉफ्टवेअरचे एन्क्रिप्शन वापरणे हा आहे, एन्क्रिप्शन सोडणे नव्हे. डिस्कला भोके पाडण्याचा सल्लाही दिला जातो. अतिसंवेदनशील माहितीसाठी तो योग्यच. घरगुती लॅपटॉपच्या बाबतीत मात्र त्यामुळे चांगली डिस्क वाया जाते आणि नव्या मालकाला अपुरे यंत्र मिळते.

प्रत्यक्ष क्रम : आधी बॅकअप घ्यावा व त्यातील दोन-चार फाइली दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहाव्यात. विंडोजमध्ये 'रीसेट धिस पीसी' मधील 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडून 'क्लीन डेटा' चालू करावे. ते आपोआप चालू नसते. टी२ चिप किंवा अ‍ॅपल सिलिकॉन असलेल्या मॅकवर मॉन्टेरीपासून (२०२१) 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' ही सोय आहे. हरवलेले यंत्र शोधण्याची 'फाइंड माय' ही सोय बंद न केल्यास नव्या मालकाला यंत्र कुलूपबंद मिळू शकते.

सुटे भाग : चार्जर सोबत द्यावा, पंख्यातील धूळ काढावी.

नादुरुस्त यंत्र : भारतात ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, यंत्र नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावे.

एन्क्रिप्शन शेवटच्या दिवशी चालू केल्यास आधीचे उघडे अवशेष एसएसडीत राहू शकतात. म्हणून ते यंत्र घेतल्या दिवशीच चालू करावे.