हमाली खर्ची

इतिहासातली माणसं सारखी बिऱ्हाडं हलवत असतात. पण त्यांचं सामान कुणी उचललं, ते मात्र कुठं लिहिलेलं नसतं. महंमद तुघलकानं १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी आपल्या दौलताबादेला आणली, हे आम्ही शाळेत घोकलं. 'तुघलकाच्या फसलेल्या योजना सांगा' हा प्रश्न परीक्षेला हमखास. पण एवढ्या लांबच्या वाटेवर सुलतानाचे हंडे, सतरंज्या आणि जनान्यातल्या पेट्या कुणाच्या डोक्यावर होत्या, असा प्रश्न कुठल्याच मास्तरांनी काढला नाही. इब्न बतूता हा प्रवासी काही वर्षांनी दिल्लीला आला. त्यानं एक ऐकीव हकीकत लिहून ठेवलीय. दिल्ली न सोडणाऱ्या एका आंधळ्याला दौलताबादेपर्यंत फरफटत न्यायचा हुकूम झाला आणि मुक्कामाला त्याचा नुसता पाय पोचला. खरंखोटं बतूता जाणे. पण निघालेला माल आणि पोचलेला माल यांत तफावत पडते, ही तक्रार निदान तेवढी तरी जुनी आहे.

याउलट आमचं विटा पहा. आमचं गाव सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, तेव्हा ते त्यात गेलं. १९६० साली त्या जिल्ह्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे अकरा वर्षांत विट्यानं तीन पत्ते केले आणि एक ट्रंकसुद्धा उचलावी लागली नाही. इतकं स्वस्त स्थलांतर दुसऱ्या कुणाला साधलं असेलसं वाटत नाही.

गाव जागेवर राहिलं. माणसं मात्र हलली. आमचा खानापूर तालुका पडला दुष्काळी. पावसाचा ढग आमच्याकडं येतो तो तपासणीला आलेल्या साहेबासारखा. वर एक नजर टाकतो, सही करतो आणि पुढच्या गावाला जातो. त्यामुळं कुणी सोनंचांदी गाळायचा गलाईचा धंदा शिकून पार काश्मीरपासून केरळपर्यंत गेलं. आणि ज्याच्यापाशी धंदा शिकायलाही सवड नव्हती, तो आपलं डोकं घेऊन मुंबईला गेला. डोकं म्हणजे आतलं नव्हे, वरचं. त्यावर कापडाची चुंबळ ठेवली की भांडवल उभं!

मी बँकेत कारकून. शिक्षण बी.कॉम. हमालाची आणि माझी पहिली ओळख कॉलेजात झाली, आणि तीही इंग्रजीतून. 'कॅरेज इनवर्ड' म्हणजे आलेल्या मालाची हमाली-वाहतूक. ती ट्रेडिंग अकाउंटला खर्ची टाकायची. 'कॅरेज आउटवर्ड' म्हणजे गेलेल्या मालाची. ती नफातोटा खात्याला खर्ची टाकायची. सरांनी हा फरक तीन तास समजावून सांगितला. शेवटी मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, आत आणणारा हमाल आणि भाईर नेणारा हमाल येगळा असतोय काय?"

सर म्हणाले, "माणूस तोच रे बाबा, खातं वेगळं."

हे उत्तर परीक्षेपुरतं बरोबर होतं. पण जुन्या पेढ्यांच्या चोपड्या चाळाव्यात, म्हणजे खरी गंमत कळते. त्यांत हमाली असते, तोलाई असते, सुतळी असते, धर्मादायसुद्धा असतो. हमाल नसतो. ज्याच्या डोक्यावरून सगळा माल गेला, त्याच्या नावाचं पान नाही.

माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी. मुंबईच्या मसजिद बंदरासारख्या बाजारांत आणि गोद्यांत सातारा, सांगली, पुण्याकडच्या माणसांच्या टोळ्या कामाला असायच्या. हातात लोखंडी आकडा, डोक्यावर चुंबळ आणि पाठीवर क्विंटलाचं पोतं. माल आला तर मजुरी, नाही आला तर वडापावावर दिवस. आणि कमरेत चमक भरली तर? शेट म्हणणार, "हा माझा माणूस नाही, टोळीचा आहे." टोळीवाला म्हणणार, "काम शेटचं होतं." या दोघांचा निकाल लागेपर्यंत हमाल गावाकडच्या एस.टी.त बसलेला असायचा. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर चेक वटायची वेळ आली की खातेदारच सापडायचा नाही.

हा गुंता सोडवायला पाटण तालुक्यातून मुंबईला आलेला एक माणूस उभा राहिला. अण्णासाहेब पाटील. त्यांनी मुंबईतल्या या विखुरलेल्या टोळ्या एका युनियनमध्ये बांधल्या. तिकडं पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. त्याच पंचायतीनं १९७४ साली 'कष्टाची भाकर' हे स्वस्त जेवणाचं केंद्र काढलं. या सगळ्या खटपटीतून, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९६९ साली कायदा झाला : 'महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम'. हे नाव एका दमात म्हणायला छातीसुद्धा हमालाचीच पाहिजे.

कायद्याची युक्ती मात्र एका वाक्याची आहे, आणि ती कुठल्याही बँकवाल्याला चटकन कळेल. ती युक्ती म्हणजे आमचं क्लिअरिंग हाउस. दहा बँकांचे चेक दहा बँकांत घेऊन धावायचं नाही. सगळे एका जागी आणायचे आणि तिथं हिशेब मिटवायचा. तसंच इथं एक बोर्ड. मालक बोर्डात नोंदलेला, हमालही बोर्डात नोंदलेला. मालकानं मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही बोर्डात भरायची. बोर्डानं हमालाला मजुरी द्यायची आणि लेव्हीतून त्याचा प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी बघायचं. शेट दहा असोत की शंभर. हमालाला मालक शोधत हिंडायला नको. माणूस खर्चाच्या रकान्यातून उठला आणि खातेदार झाला.

योगायोग असा की त्याच १९६९ सालच्या १९ जुलैला इंदिराबाईंनी चौदा बँका सरकारच्या ताब्यात घेतल्या आणि बँकेची पायरी चढायला सामान्य माणूस धजू लागला. म्हणजे एकाच वर्षी हमालाला पुस्तक मिळालं आणि त्या पुस्तकातले पैसे ठेवायला बँकही मिळाली. आम्ही कारकून आणि ते माथाडी असे वर्षाचे जुळे भाऊ. फरक एवढाच की ओझ्याखाली वाकतात ते, आणि पाठ दुखते म्हणून रजा टाकतो आम्ही.

माझे थोरले चुलते, नाना, मसजिद बंदरात माथाडी होते. सुटीला विट्याला आले की पिशवीतून बोर्डाचं पुस्तक काढून ओसरीवर बसत आणि मला आकडे वाचायला लावत. मी तिसरी-चौथीत असेन. "फंड किती झाला रं?" मी वाचून दाखवी. "पुन्हा वाच." मी पुन्हा वाची. त्यांच्या खुंटीला लोखंडी आकडा टांगलेला असे. तो दाखवून म्हणायचे, "ह्यो आकडा पोत्याला टोचायचा. त्यो पुस्तकातला आकडा मातुर कुणाला टोचू द्यायचा न्हाई." माझ्या कॉलेजची फी त्या दुसऱ्या आकड्यातून आली. त्यामुळं ट्रेडिंग अकाउंटातली 'कॅरेज इनवर्ड' ही ओळ माझ्या हातून नेहमी जरा ठळक लिहिली जाते.

पुढं मुंबईचे घाऊक बाजारच्या बाजार १९८० आणि १९९० च्या दशकांत टप्प्याटप्प्यानं नव्या मुंबईत वाशीला गेले. तुघलकानं नुसती राजधानी हलवली. इथं कांदा, बटाटा, गहू, तांदूळ, फळं सगळंच हललं. आणि दिल्लीचं जे झालं नाही ते इथं झालं : ज्यांनी माल हलवला, त्यांनाही पलीकडं जागा मिळाली. कोपरखैरण्याला माथाड्यांच्या वसाहती झाल्या. आयुष्यभर दुसऱ्याचं वाहणाऱ्या नानांनी स्वतःचं सामान नेलं ते एका खेपेत : दोन ट्रंका, एक स्टोव्ह, विठोबाची तसबीर. म्हणाले, "हमाली वाचली."

आता आमच्या बिऱ्हाडाचं. नोकरीची पहिली वर्षं मी लालबागच्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावर काढली. २०१६ साली विट्याला बदली झाली. दाट वस्तीत घर हलवणं म्हणजे काय ते तिथं राहिलेल्यालाच कळेल. टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच थांबतो. आत शिरला तर दहीहंडीपर्यंत बाहेर निघत नाही. जिना लाकडी, एका वेळी दीड माणूस मावेल एवढा. आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक शेजीण, "काय हो, कपाट पण नेताय?" असं विचारत उभी.

कपाट! घर हलवण्याच्या इतिहासाचे माझ्या मते दोनच कालखंड आहेत : पोलादी कपाटापूर्वीचा आणि पोलादी कपाटानंतरचा. गोदरेजनं १९२३ साली पोलादी कपाटं करायला घेतली आणि भारतीय संसाराला भक्कमपणा आला, हमालाच्या मणक्याला मात्र नवा शत्रू मिळाला. १९६७ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं शिफारस केली की धडधाकट पुरुषानंसुद्धा एका वेळी ५५ किलोंहून जास्त ओझं उचलू नये. आमच्या सौभाग्यवतींच्या कपाटानं ही शिफारस वाचलेली नव्हती.

मी एका पॅकर्स-मूव्हर्सवाल्याला फोन केला. पलीकडून गोड आवाजात चौकशी सुरू झाली. "सर, टोटल आयटम किती? फ्लोअर कितवा? लिफ्ट आहे?" लिफ्ट नाही म्हटल्यावर आवाजातला गोडवा एका मजल्यानं खाली आला. दर मात्र तीन मजले वर गेला.

ठरल्या दिवशी चार पोरं आली. त्यांतल्या थोरल्यानं कपाटाला एकदा प्रदक्षिणा घातली, जिन्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "जिन्यानं न्हाई जायाचं. गॅलरीतनं दोरानं सोडावं लागंल."

भाषा कानाला लागताच मी विचारलं, "गाव कुठलं वं?"

"आटपाडीकडलं. तुमचं?"

"विटा."

"आयला! मग सायेब, आदी सांगायचं की!" असं म्हणून त्यानं कपाटाला गादीचं वेष्टण दिलं आणि पाचपन्नास बघ्यांच्या देखत ते तीन मजले असं अलगद उतरवलं की दसऱ्याला विट्यात रेवणसिद्धाची पालखीसुद्धा इतक्या जपून उतरत नसेल. पालखीचं सोडा, ती तर शर्यतीत पळवतात. खांदा तोच असतो. पालखीखाली असला की त्याला गुलाल, कपाटाखाली असला की घासाघीस.

चहा पिताना मी सहज विचारलं, "बोर्डात नाव आहे का तुमचं?"

"कसलं बोर्ड?"

"माथाडीचं. फंड, ग्रॅच्युइटी..."

तो हसला. "शेट सांजच्याला हातात पैसे देतोय, सायेब. फोन आला की यायचं. न्हाई आला की न्हाई."

नानांच्या तरुणपणी जे होतं, ते जसंच्या तसं माझ्या चहाच्या कपासमोर बसलेलं होतं. फक्त टोळीवाल्याच्या जागी मोबाईल आला होता.

एक खुलासा केला पाहिजे. हमालांच्या संघटनांबद्दल लोकांच्या तक्रारी असतात आणि त्या सगळ्याच खोट्या नसतात. केरळात गलाईला गेलेले आमच्याकडचे लोक 'नोक्कुकूली'चे किस्से सांगतात. नोक्कुकूली म्हणजे बघण्याची मजुरी. सामान तुम्ही तुमच्या माणसांकडून उतरवायचं. तिथले हमाल नुसते उभे राहून बघणार आणि बघण्याचे पैसे घेणार. तिथल्या सरकारनं १ मे २०१८ पासून ती बंद केली, ते बरंच झालं. १ मे ही तारीखही मोठी मजेशीर. न्यूयॉर्कात एके काळी बहुतेक भाडेकरार त्याच दिवशी संपायचे. सगळं शहर एकदम बिऱ्हाड घेऊन रस्त्यावर यायचं आणि गाडीवाले म्हणतील तो दर द्यावा लागायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ती चाल मोडली. तेव्हा अडलेल्याला नाडणं हे काही एका देशाचं किंवा एका जातीच्या धंद्याचं वैशिष्ट्य नव्हे. पण न उचलता पैसे घेणारा जसा बोलायचा विषय होतो, तसा उचलून नाव नसलेला होत नाही. पहिल्याचा किस्सा होतो. दुसरा टेम्पोत बसून निघून जातो.

विट्याला पोचल्यावर कंपनीचं छापील बिल आलं. त्यात पॅकिंगला एक ओळ, टेम्पोला एक ओळ, विम्याला एक ओळ. आणि चार माणसांच्या आठ तासांना मिळून 'लोडिंग-अनलोडिंग' अशी एकच ओळ. बिल बिनचूक होतं. सौभाग्यवतींनी कप मोजले, तेही बरोबर भरले.

रात्री मी घरखर्चाची वही काढली. त्या पोरांना हातावर ठेवलेले पैसे लिहायचे होते. पेन 'हमाली' लिहिणार एवढ्यात मी थांबलो आणि चहाच्या वेळी विचारून घेतलेली चारही नावं एकाखाली एक लिहिली, पुढं रक्कम. सौ. म्हणाली, "ही कुणाची नावं? नवीन खाती उघडलीत की काय?"

म्हटलं, "खाती उघडायची माझी ताकद नाही. तोवर पान तरी असू दे."