२८ नोव्हेंबर : बॉस्टनची आग आणि भाजलेल्यांवरचे उपचार
अमेरिकेतील बॉस्टनमध्ये १९४२ साली आजच्या दिवशी ‘कोकोनट ग्रोव्ह’ या नाइट क्लबला आग लागून ४९२ जण दगावले. मुख्य दार फिरते, तेही गर्दीने अडकले. बाकीची काही दारे कुलूपबंद. (गिऱ्हाईक बिल बुडवून जाऊ नये म्हणे!) भाजलेल्या जागी टॅनिक आम्ल लावून कडक खपली धरवण्याची तेव्हा रीत होती. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या डॉ. ऑलिव्हर कोप यांनी ती मोडून या आगीतल्या जखमींना पेट्रोलियम जेलीच्या मऊ पट्ट्या बांधल्या, शिरेवाटे प्लाझ्मा दिला. तेव्हा दुर्मिळ असलेले पेनिसिलिनही मर्क कंपनीकडून आले. बॉस्टन सिटी हॉस्पिटलच्या लंड आणि ब्राउडर यांनी याच आगीतल्या जखमींवरील उपचारांच्या अनुभवातून १९४४ मध्ये मांडलेला, शरीर किती भाजले हे वयानुसार मोजणारा तक्ता डॉक्टर आजही वापरतात.