तिशीच्या अटीची कुळकथा

नागपूर जिल्ह्यात कुही-मांढळकडे मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडण्याच्या अड्ड्यावर, देठ खुडायला जाणाऱ्या बाईला कोणी वय विचारत नाही. तीच नववी शिकलेली, अठ्ठावीस वर्षांची बाई कुवेतला घरकामाला निघाली, की नागपूरहून मिळालेल्या तिच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (उत्प्रवास तपासणी आवश्यक) छापलेलं असतं आणि १९८३च्या उत्प्रवास कायद्याखालची मंजुरी तिला मिळत नाही. दहावी न झालेल्या बाईला आखातात नोकरी करायची तर तिशी गाठलेली हवी. नर्स तेवढ्या सुटल्या. पुरुषाला ही अट नाही.

अट अलीकडची, पण तिच्यामागची नजर जुनी. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं तेव्हा याच प्रांतातल्या छत्तीसगडातून आसामच्या चहामळ्यांवर मजूर जात. मळेवाल्यांना बायाही हव्या होत्या. भरती करणारे आरकाटी घरच्या बायका पळवतात, अशी ओरड गावोगावी झाली. त्यात फसवणूक खरीच होती. पण घरातलं राबणारं माणूस गेल्याचा रागही होता, असं मला वाटतं. या मजूरभरतीसाठीच्या १९०१च्या कायद्याने नवऱ्याच्या किंवा पालकाच्या हरकतीला वजन दिलं. आरकाट्याला वेसण घालायची होती, दोर बांधला बाईला.

पुढे समुद्रापारच्या गिरमिटाविरुद्ध, म्हणजे करारबद्ध मजुरीविरुद्ध, लढा उभा राहिला. १९१७ साली त्यातल्या कार्यकर्त्या जायजी पेटिट यांनी स्त्रियांचं शिष्टमंडळ व्हाइसरॉयकडे नेण्यासाठी जिवाचं रान केलं. फिजीसारख्या वसाहतींत गिरमिटी बायांचे हाल होत होते, आणि त्याच वर्षी गिरमिटाची भरती थांबली. लढा न्याय्यच होता. मात्र बाईच्या अब्रूसाठी तिचं जाणंच रोखायचं, हा मार्ग सरकारदरबारी पुढेही सोयीचा ठरला.

स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९७९चा. भारताने तो १९९३ साली मान्य केला. त्याचं पंधरावं कलम संचाराचा समान हक्क देतं. करारावर देखरेख करणाऱ्या समितीने २००८ साली स्थलांतरित कामगार स्त्रियांबद्दल सव्विसावी शिफारस काढली: वयाच्या, लग्नाच्या भेदभावी अटी उठवा, पासपोर्टसाठी नवऱ्याची किंवा पालकाची परवानगी मागू नका. शिफारशीला कायद्याची सक्ती नाही. स्थलांतरित कामगारांच्या १९९०च्या करारात तर भारतही नाही आणि आखाती देशही नाहीत.

अडवलेली बाई घरी बसतेच असं नाही. ती व्हिजिट व्हिसावर जाते. मग पगार थकला, मालकाने पासपोर्ट काढून घेतला, तर दूतावासात दाखवायला तिच्याकडे नोंदलेला करारच नसतो. आपल्या नियमांत मालकाकडून २,५०० डॉलरची बँक हमी घेण्याचीही तरतूद आली. बोजा मालकावर टाकणारं हे कलम मला त्यातल्या त्यात शहाणपणाचं वाटतं.