पाणी आणि प्रसाधन

तेलाची बाटली फडताळांत महिनोन् महिने विसरली, तरी फार तर तिला खवट वास येतो. तांदुळाच्या धुवणाची वाटी मात्र दुसऱ्याच दिवशीं आंबते. प्रत्येक गृहिणीच्या या साध्या अनुभवांत प्रसाधनशास्त्राच्या इतिहासांतील सर्वांत बिकट प्रश्न सामावलेला आहे. जेथें पाणी तेथें जीवन, आणि जेथें जीवन तेथें नासाडीहि. हा सृष्टीचा नियम चेहऱ्यास लावावयाच्या द्रवांनाहि चुकत नाहीं. सांप्रत ‘सीरम’ या नांवानें चिमुकल्या बाटल्यांतून जीं पातळ द्रव्यें घरोघरीं आलीं आहेत, त्यांतील बऱ्याच जणांचा मुख्य घटक पाणीच होय. त्यांत गुणकारी द्रव्य घालणें हें निम्मेंच काम. तें पाणी टिकविणें हें उरलेलें निम्में, आणि त्याचाच इतिहास अधिक उद्बोधक आहे.

आपल्या पूर्वजांनीं हा प्रश्न सोडविला नाहीं. त्यांनीं तो मोठ्या चातुर्यानें टाळला. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय लिहिला. बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें मानसोल्लासांत स्नान आणि विलेपन यांचें सविस्तर वर्णन केलें. आपल्या घरांतील उटणें पाहावें: तें कोरडें राहतें आणि दूध वा पाणी ऐन वेळीं मिळतें. चंदनाचें खोड वर्षानुवर्षें टिकतें, पण गंध सहाणेवर रोज नवें उगाळावें लागतें. आयुर्वेदानें तर हा विवेक शास्त्ररूपानेंच मांडला. स्वरस, हिम, फांट हे पाणीदार कल्प ताजेच घ्यावयाचे. शार्ङ्गधरानें चूर्णाचें आयुष्य दोन महिन्यांचें सांगितलें, आणि आसव मात्र जितकें जुनें तितकें चांगलें मानलें. कारण उघड आहे. आसवांत आंबण्याच्या क्रियेनें मद्यार्क उत्पन्न होतो आणि तोच त्याचें रक्षण करतो. कारणाची मीमांसा आजच्यासारखी नसली, तरी कार्याचें निरीक्षण अचूक होतें.

पाश्चात्यांकडे दुसऱ्या शतकांतील वैद्य गॅलेन यानें मेण, ऑलिव्हचें तेल आणि गुलाबपाणी घोटून थंडावा देणारें मलम सिद्ध केल्याचें प्रसिद्ध आहे. आजच्या कोल्ड क्रीमचा तो पूर्वज. त्यांतील पाणी त्वचेवरून उडून जाई म्हणून गार वाटे. पण तें मलम फार दिवस टिकत नसे. पुढें अरबांनीं ऊर्ध्वपातनाची कला वाढविली. नवव्या शतकांतील अल्-किंदी याच्या सुगंधविषयक ग्रंथांत तिच्या अनेक कृति आहेत. हिंदुस्थानांत गुलाबपाणी काढतां काढतां त्यावर तरंगणारी तेलकट साय नूरजहानच्या आईनें गोळा केली, आणि तोच गुलाबाचा अत्तर होय, असें जहांगीर आपल्या आत्मवृत्तांत नमूद करतो. वाफेंतून उतरलेलें हें पाणी उतरतें वेळीं जवळजवळ निर्जंतुक असतें. परंतु बाटली उघडली, हात लागला, कीं तें संरक्षण संपतें. गुलाबाचा सुगंध जंतूंना फार काळ थोपवूं शकत नाहीं.

युरोपांत मग वेगळा मार्ग निघाला. लोबानाचा मद्यार्कांत काढलेला अर्क गुलाबपाण्यांत टाकला कीं पाणी दुधाळ होई. त्यास ‘कुमारीचें दूध’ असें गोंडस नांव मिळालें. लोबानांतील आम्ल बुरशीला रोखतें, हें त्या स्त्रियांना ठाऊक नव्हतें. याहून भयंकर उदाहरण गाउलंडच्या लोशनचें. जेन ऑस्टिनच्या ‘पर्स्वेजन’ या कादंबरींत एक गर्विष्ठ पिता आपल्या कन्येस तें वापरण्याचा आग्रह करतो. कडू बदामाच्या दुधांत रसकापूर जातीचा पाऱ्याचा जहाल क्षार घालून तें बनविलें जाई. त्यानें त्वचेचा वरचा पापुद्रा निघे, आणि लोक त्यास नवी कांति समजत! त्याच क्षाराची जंतुनाशक शक्ति रॉबर्ट कोख यानें १८८१ सालीं दाखविली. म्हणजे जें द्रव्य जंतूंस मारी तेंच माणसासहि पोळी. टिकाऊपणाची किंमत कोणी द्यावयाची, हा प्रश्न तेव्हांपासून आजतागायत कायम आहे.

नासण्याचें खरें कारण सूक्ष्मदर्शकानें उघड केलें. मिऱ्याच्या तिखटपणाचें मूळ शोधण्याकरितां मिरीं पाण्यांत भिजत घालणाऱ्या लेवेनहुकला १६७६ सालीं त्या पाण्यांत असंख्य सूक्ष्म जीव वळवळतांना दिसले. पुढें १८६० च्या सुमारास पाश्चरनें सिद्ध केलें कीं, हे जीव आपोआप उपजत नाहींत, ते बाहेरून येतात. मग उपायहि शास्त्रीय झाले. बेंझॉइक आणि सॅलिसिलिक आम्लांचा उपयोग १८७० नंतरच्या दशकांत पुढें आला. पण बेंझॉइक आम्ल आंबट द्रवांतच नीट काम करतें. ही अडचण जर्मनीतील थिओडोर झाबालिच्का यानें १९२० नंतरच्या दशकांत दूर केली. त्यानें पुढें आणलेलीं पॅराबेन नांवाचीं द्रव्यें आम्ल नसलेल्या पाण्यांतहि, आणि शेंकडा एकाहून कितीतरी कमी प्रमाणांत, परिणामकारक ठरलीं. पुढील कित्येक दशकें प्रसाधनांचें रक्षण मुख्यतः त्यांनींच केलें.

तथापि संरक्षण अपुरें पडलें म्हणजे काय होतें, हें जगास दिसावयाचें होतें. १९६७ सालीं अमेरिकेंतील एका वैद्यकीय नियतकालिकांत एक चमत्कारिक वृत्तांत प्रसिद्ध झाला. अतिदक्षता विभागांतील रोग्यांच्या रक्तांत जंतु कोठून शिरले याचा शोध घेतां घेतां डॉक्टर हातांस लावण्याच्या मलमाच्या पात्रापाशीं पोंचले. जे हात रोग्याची शुश्रूषा करीत, तेच जंतूंचे वाहक बनले होते! १९७७ सालीं दूषित काजळासारख्या प्रसाधनानें डोळ्यांच्या बुबुळांस व्रण पडल्याचें प्रसिद्ध झालें. ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, द्रव स्वच्छ दिसतो, वासहि येत नाहीं, तरी त्यांत जंतु लक्षावधींनीं असूं शकतात.

असें असतां २००४ सालीं वारें फिरलें. इंग्लंडमधील संशोधकांना स्तनाच्या गांठींच्या वीस नमुन्यांत पॅराबेनचे अंश आढळले. निरोगी ऊतींशीं त्यांत तुलना नव्हती, आणि कर्करोग पॅराबेननेंच होतो असें त्या शोधानें सिद्धहि केलें नाहीं. पण भीति पसरावयास तेवढें पुरे झालें. उत्पादकांनीं ‘पॅराबेनविरहित’ अशा चिठ्ठ्या डकविल्या आणि दुसरीं द्रव्यें जवळ केलीं. त्यांतील मेथिलआयसोथायाझोलिनोन या द्रव्यानें युरोपांत त्वचेच्या विकारांची अशी साथ उठविली कीं, अमेरिकेंतील त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संस्थेनें २०१३ सालीं तें वर्षाचें मुख्य ‘ॲलर्जिकारक’ ठरविलें. आणि २०१७ पासून युरोपीय संघानें न धुतां त्वचेवर ठेवावयाच्या प्रसाधनांत त्यास बंदी केली. त्याच संस्थेनें २०१९ सालीं पॅराबेनला ‘ॲलर्जि न करणारें’ म्हणून गौरविलें. पॅराबेनांपैकीं कांहीं जातींवर युरोपनें २०१४ सालीं बंदी घातली हेंहि खरें; म्हणून प्रत्येक द्रव्याची पारख स्वतंत्रच केली पाहिजे. परंतु एका अस्पष्ट भीतीपासून पळतां पळतां लोक प्रत्यक्ष अपायाच्या हातीं सांपडले, हा धडा विसरतां येत नाहीं.

सीरमच्या बाबतींत आणखी एक शत्रु आहे, तो म्हणजे हवेंतील प्राणवायु. क जीवनसत्त्व पाण्यांत विरघळतें, पण तेथेंच तें झपाट्यानें नासून पिवळें पडतें. अमेरिकेंतील शेल्डन पिनेल व त्यांचे सहकारी यांनीं २००१ मध्यें दाखविलें कीं, तें त्वचेंत शिरण्यास द्रव बराच आम्ल असावा लागतो. आणि २००५ मध्यें, फेरुलिक आम्लाची जोड दिल्यास तें अधिक टिकतें. जंतूंविरुद्ध कसोटीहि कडक असते: मुद्दाम जंतु व बुरशी सोडून अठ्ठावीस दिवस त्यांची संख्या मोजतात. घरीं कोरफडीचा गर वा जास्वंदीचें पाणी बाटलींत भरणाऱ्यास ही कसोटी घेतां येत नाहीं, आणि फ्रिजमध्यें ठेवल्यानें जंतूंची वाढ मंदावते, थांबत नाहीं.

‘नैसर्गिक’ या शब्दाचा मोह आज सुशिक्षित घरांतहि मोठा आहे. पण निसर्गाच्या दृष्टीनें बुरशीहि तितकीच नैसर्गिक आहे. पूर्वजांचा मार्ग स्वीकारावयाचा तर तो पुरता स्वीकारावा: आज काढावें, आज लावावें, उरलें तें टाकून द्यावें. पाणी बाटलींत भरून महिनोन् महिने वापरावयाचें असेल, तर मोजून मापून घातलेल्या रक्षकद्रव्याचा उपकार मानावा. ताजेपणाहि नको आणि रक्षकहि नको, असा तिसरा मार्ग या दीड-दोन हजार वर्षांच्या इतिहासांत कोणासहि सांपडलेला नाहीं.