डेमेरारासाठी शंभर माणसे

जॉन ग्लॅडस्टन हा लिव्हरपूलचा व्यापारी. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर, तेव्हाच्या ब्रिटिश गयानातील डेमेरारात आणि जमेका बेटावर त्याचे उसाचे मळे होते. ४ जानेवारी १८३६ रोजी त्याने कलकत्त्याच्या गिलँडर्स, आर्बथनॉट आणि कंपनीला एक पत्र लिहिले. हे पत्र आणि त्याला आलेले उत्तर पुढे ब्रिटिश संसदेच्या कागदपत्रांत छापले गेले, म्हणून आज आपल्याला वाचता येते. कष्टाचे, नकोसे काम कोणाच्या गळ्यात घालायचे आणि ते घालताना मनाची समजूत कशी काढायची, हे इतक्या उघडपणे सांगणारे कागद थोडेच सापडतात.

ग्लॅडस्टनची अडचण सरळ होती. १८३३च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी संपत होती. गुलाम मुक्त झाले म्हणून सरकारने भरपाई दिली ती गुलामांना नव्हे, मालकांना. एकट्या ग्लॅडस्टनला २,५०८ माणसांबद्दल १,०६,७६९ पौंड मिळाले. मधली काही वर्षे या लोकांनी ‘उमेदवार’ म्हणून जुन्याच मालकाकडे राबायचे होते. ती मुदत संपल्यावर ते मळ्यावर टिकतील की नाही याची खात्री नाही, असे ग्लॅडस्टन लिहितो. म्हणून त्याला दुसरीकडची माणसे हवी आहेत: तरुण, धडधाकट, शंभरेक, पाच ते सात वर्षांच्या कराराने बांधलेली. हेतूही तो लपवत नाही. या माणसांच्या जोरावर आपल्याला शक्य तितके निग्रो मजुरांवर अवलंबून राहावे लागू नये, असे त्याने स्वच्छ शब्दांत लिहिले आहे. म्हणजे नवा मजूर यायच्या आधीच त्याला जुन्या मजुराविरुद्ध वापरायचे ठरले होते.

कलकत्त्याचे उत्तर ६ जून १८३६चे आहे. कंपनीने स्वतः सातआठशे माणसे करारावर मॉरिशसला पाठवली होती. तिला हा धंदा नवा नव्हता. उत्तरात छोटा नागपूरच्या डोंगरी मजुरांची शिफारस आहे. बंगालमध्ये त्यांना धांगर म्हणत. आपल्याकडच्या मेंढपाळ धनगरांशी त्यांचा संबंध नाही. ही माणसे माणसापेक्षा माकडाच्या जवळची समजली जातात, त्यांना धर्म नाही, शिक्षण नाही, खाणे, पिणे, झोपणे यापलीकडे गरजा नाहीत आणि तेवढ्यासाठी ती कष्ट करायला तयार असतात, असे कंपनी कळवते. त्याच पत्रात आणखी एक वाक्य आहे. वेस्ट इंडीजला माणसे पाठवण्यात विशेष अडचण येणार नाही, कारण आपण कुठे जायचे कबूल करतो आहोत आणि प्रवास किती लांबचा आहे, याची या लोकांना मुळीच कल्पना नसते.

ही दोन विधाने शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. पहिले सांगते की या माणसांना असले काम चालते. दुसरे सांगते की ते काम कुठे आहे आणि तिथवरचा प्रवास किती लांबचा, हे त्यांना ठाऊकच नाही. ज्याला माहिती नाही त्याची तयारी कसली? ‘तयार असतात’ हे शब्द मजुराचे नाहीत, माणसे पुरवणाऱ्याचे आहेत. त्यांची नोंद एकाही धांगराला विचारून झालेली नाही.

जानेवारी १८३८मध्ये ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही दोन जहाजे कलकत्त्याहून निघाली आणि ५ मे रोजी डेमेरारात पोचली. वाटेत अठरा जण दगावले, ३९६ उतरले. बायका अगदी मोजक्या होत्या. उमेदवारीची मूळ मुदत १८४०पर्यंतची होती, पण ती १ ऑगस्ट १८३८लाच संपवण्यात आली. म्हणजे गुलामगिरीचे शेवटचे बंधन तुटायच्या तीन महिने आधी नवे बांधलेले मजूर त्याच मळ्यांवर हजर होते. काही जण ग्लॅडस्टनच्याच व्रीड-एन-हूप मळ्यावर गेले.

पुढच्या वर्षी गुलामगिरीविरोधी चळवळीतला जॉन स्कोबल तिथे जाऊन आला. त्याच्या माहितीमुळे ओरड झाली आणि चौकशी झाली. त्या चौकशीतली एक साक्ष मला या सगळ्या दप्तरातली सर्वांत मोलाची वाटते. एलिझाबेथ सीझर ही व्रीड-एन-हूपवरची काळी मजूर स्त्री. पळून जाताना पकडलेल्या हिंदी मजुरांना दवाखान्याच्या खोलीत कोंडले, सकाळी व्यवस्थापकाच्या घराच्या खांबाला बांधून चाबकाने फोडले, आपण रक्त पाहिले, आणि नंतर त्यांच्या पाठीवर मिठाचे पाणी चोळले, असे तिने सांगितले. ज्या लोकांना शह देण्यासाठी हे मजूर आणले, त्यांच्यातलीच एक बाई त्यांच्या बाजूने बोलायला उभी राहिली. तिला त्यांची भाषा येत नसावी. खांबाला बांधलेली पाठ मात्र तिने ओळखली.

मुक्त झालेले काळे लोक आळशी आहेत, त्यांना काम नको, ही मळेवाल्यांची तक्रार तेव्हा सुरू झाली आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालली. कागद वेगळे सांगतात. नोव्हेंबर १८३९मध्ये अशाच ८३ जणांनी गुलामीच्या काळातही साठवलेली पुंजी एकत्र करून नॉर्थब्रुक नावाचा मळाच विकत घेतला. त्याचे पुढे व्हिक्टोरिया गाव झाले. १८४२मध्ये मजुरी कापली तेव्हा मळ्यांवरच्या मुक्त मजुरांनी संप केला. जमीन घेऊन राबणारा आणि मजुरीसाठी संप करणारा माणूस कामाला भीत नाही. तो मालकाच्या अटी नाकारतो. त्या अटी बदलण्यापेक्षा त्या नाकारू न शकणारा माणूस समुद्रापलीकडून आणणे मालकाला स्वस्त पडले, इतकाच या व्यवहाराचा अर्थ आहे.

आणि नाकारण्याची संधी मिळाली तेव्हा हिंदी मजुराने काय केले? जुलै १८३८मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये या मजूर-निर्यातीविरुद्ध सभा झाली, चौकशी समिती नेमली गेली, आणि मॉरिशसहून परतलेल्यांच्या जबान्या घेतल्या गेल्या. त्या इंग्रजीत उतरवलेल्या आहेत, तरी त्यांतला माणूस ऐकू येतो. मजूर गोळा करणाऱ्या दफादाराच्या सांगण्याला भुलून घरकामासाठी गेलेली बीबी जुहूरन तिथे सांगते की पुन्हा मॉरिशसला जाणार नाही, त्यापेक्षा इथे भीक मागेन. डेमेरारात उतरलेल्या ३९६ जणांपैकी जवळजवळ शंभर जण करार संपायच्या आत मेले. उरलेल्यांतले बहुतेक परत आले. साठेकच तिथे राहिले. आवड असणाऱ्यांचा हा हिशेब नाही.

१८३९च्या कायद्याने ही निर्यात बंद झाली. मळेवाल्यांच्या दडपणाने १८४२मध्ये मॉरिशससाठी आणि त्यानंतर दोनतीन वर्षांत वेस्ट इंडीजसाठी ती पुन्हा सुरू झाली. मॉरिशसच्या जहाजांत आता मुंबई बंदरातून चढलेले कोकणातले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आज त्या बेटावर आहेत. नियम झाले, संरक्षक अधिकारी नेमले गेले. पण काम सोडणे हा फौजदारी गुन्हा, ही मूळ गाठ कायम राहिली.

४ मार्च १९१२ रोजी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी वरिष्ठ कायदे कौन्सिलात ही पद्धतच रद्द करण्याचा ठराव मांडला. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याच ठरावामुळे दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळसाठीची भरती थांबवायचे ठरले होते. आता त्यांनी मुळावर घाव घातला. त्यांच्या मांडणीचा कणा असा, की साध्या, निरक्षर माणसाला दूर देशाच्या अटी कळत नाहीत, आणि न कळलेल्या करारावर फौजदारी शिक्षेची तलवार टांगणे हा फसवणुकीवर उभा राहिलेला आणि जबरदस्तीने टिकवलेला अन्याय आहे. कलकत्त्याच्या कंपनीने जी गोष्ट सोय म्हणून लिहिली होती, तीच शहात्तर वर्षांनी गोखल्यांनी आरोप म्हणून मांडली.

ठरावाच्या बाजूने २२ मते पडली, विरोधात ३३. गोखले १९१५मध्ये गेले. भरती १९१७मध्ये थांबली. तोवर एकट्या ब्रिटिश गयानात सुमारे २ लाख ३९ हजार माणसे नेली गेली होती.