दुबळे हाड आणि धातूची पकड : मुंबई उपनगरांच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मोडलेले हाड धातूच्या साह्याने सांधण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा धातूचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पोलाद, कोबाल्ट-क्रोम, टायटॅनियम असा त्याचा क्रम लावला जातो. परंतु वार्धक्याने ठिसूळ झालेल्या किंवा कर्करोगाने पोखरलेल्या हाडात प्रश्न धातूच्या बळाचा नसतो, तर तो ज्यात रोवायचा त्या हाडाचा असतो. भुसभुशीत भिंतीत उत्तम खिळाही टिकत नाही. या पकडीच्या प्रश्नाची वाटचाल आणि तीत मुंबई उपनगरांतील ट्रॉम्बे व पवई येथील संस्थांचा वाटा, यांचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

खिळ्यापासून सिमेंटपर्यंत

बॉस्टन येथील स्मिथ-पीटरसन यांनी १९२५ मध्ये खुब्याच्या अस्थिभंगासाठी तीन पात्यांचा खिळा वापरला. त्यापूर्वी अशा रुग्णास महिनोन्महिने अंथरुणावर पडून राहावे लागे आणि फुप्फुसाचा दाह किंवा शय्याव्रण यांनीच अनेकांचा अंत होई. खिळ्यामुळे रुग्ण लवकर उठून बसू लागला. तथापि विरळ हाडात तो खिळा मागे सरके, अथवा हाड कापीत सांध्यात शिरे.

यावरील पहिले प्रभावी उत्तर इंग्लंडमधील जॉन चार्नली यांनी दिले. दंतवैद्यकातील अ‍ॅक्रिलिकचा उपयोग त्यांनी १९५८ मध्ये कृत्रिम सांध्याचा दांडा मांडीच्या हाडात बसविण्यासाठी केला आणि १९६० मध्ये त्याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. हे ‘बोन सिमेंट’ गोंदाप्रमाणे चिकटत नाही. ते हाडाच्या जाळीतील पोकळ्यांत शिरून घट्ट होते आणि भार मोठ्या पृष्ठभागावर वाटून देते. मात्र घट्ट होताना ते उष्णता निर्माण करते, आणि दाबाने भरताना वृद्ध रुग्णाचा रक्तदाब एकाएकी घसरण्याचा धोका असतो.

हाडाचे मोजमाप

हाड दुबळे आहे हे शस्त्रक्रियेपूर्वी ओळखावे कसे? या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर भारतीय वैद्यांनी दिले. मनमोहन सिंग, नागरथ व मैनी यांनी १९७० मध्ये मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकातील अस्थिरेषांवरून सहा श्रेणी ठरविल्या. जगभर ‘सिंग निर्देशांक’ या नावाने परिचित असलेल्या या पद्धतीस साधे क्ष-किरण चित्र पुरेसे होते. एकाच चित्रास भिन्न परीक्षक भिन्न श्रेणी देतात, ही तिची मर्यादा पुढे दिसून आली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये अस्थिघनतेचे निकष निश्चित केले, परंतु त्यासाठी स्वतंत्र यंत्र लागते.

मोजमापाबरोबर रचनाही बदलली. साध्या प्लेटचे स्थैर्य स्क्रूने हाडावर आणलेल्या दाबावर अवलंबून असे. लॉकिंग प्लेटमध्ये स्क्रूचे डोके प्लेटच्याच आट्यांत बसते. त्यामुळे सर्व स्क्रू मिळून एक सलग चौकट होते आणि एकेक स्क्रू सुटा निघत नाही. खुब्यासाठी आलेले मळसूत्री पाते हाड कोरून काढण्याऐवजी ते दाबून घट्ट करते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही दोन्ही साधने प्रचारात आली.

ट्रॉम्बे, परळ आणि पवई

हाडच उरले नसेल तर धातूला आधार कशाचा द्यावा, या प्रश्नावर मुंबईत दोन दिशांनी काम झाले. ट्रॉम्बे येथे १९७४ मध्ये ‘आयसोमेड’ हे गॅमा किरणांनी वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करणारे केंद्र सुरू झाले. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ मध्ये ऊतीपेढी स्थापन झाली. दात्यांकडून मिळालेले हाड शुष्क करून, किरणोत्सर्गाने निर्जंतुक करून तेथून पुरविले जाऊ लागले. अणुसंशोधनासाठी उभारलेल्या परिसराचा अस्थिशल्यचिकित्सेला झालेला हा लाभ होय.

दुसरी दिशा पवईची. कर्करोगग्रस्त हाड काढल्यावर उरलेल्या भागात कृत्रिम गुडघ्याचा लांब दांडा बसवावा लागतो. दांडा मोडला वा सैल झाला, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी हाड आणखी पातळ झालेले असते. टाटा स्मारक रुग्णालयाचे शल्यविशारद आणि पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे अभियंते यांनी या समस्येवर संयुक्तपणे काम केले. मोडलेल्या अशा सांध्यांच्या पुनर्शस्त्रक्रियेवरील त्यांचा शोधनिबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.

लाभ कोणास?

महापालिकेची हद्द १९५० व १९५७ मध्ये वाढून दहिसर-मुलुंडपर्यंत पोहोचली आणि सामान्य उपनगरवासीयांच्या उपचाराचा मोठा भार घाटकोपरच्या राजावाडी, बोरिवलीच्या भगवती यांसारख्या पालिका रुग्णालयांवर आला. राज्य शासनाची जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत मुंबई उपनगर जिल्हा होता. केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याची कमाल किंमत ठरविली. कोबाल्ट-क्रोमच्या गुडघ्यासाठी ती करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपये होती. परंतु वृद्धेच्या मोडक्या खुब्यात बसणारा खिळा किंवा लॉकिंग प्लेट त्या आदेशाच्या कक्षेत नव्हती.

समारोप

या इतिहासातील प्रत्येक महत्त्वाची सुधारणा धातूकडून हाडाकडे लक्ष वळविल्यामुळे झाली, हे वरील विवेचनावरून स्पष्ट होते. धोरणाची दृष्टी मात्र धातूच्या किमतीवरच स्थिरावलेली दिसते. अस्थिभंग सांधला जातो, पण मुळातील ठिसूळपणावर उपचार होत नाहीत आणि काही काळाने दुसरा खुबा मोडतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. घनतेची तपासणी, औषधोपचार आणि पडण्यापासून संरक्षण यांची जोड मिळाली नाही, तर उत्तम पकडही अपुरीच ठरेल.